चौघींचे सुजलेले ओठ

१

हाजराने तोंडावरचं पांघरूण बाजूला केलं आणि माझ्या हातातला चहाचा कप निसटला. तिचे ओठ फुगून पुरीएवढे झाले होते. हनुवटीवर पाणी धरलेले बारीक फोड होते. "कमळाताई, मेरे मुँह को क्या हुआ?" एवढंच ती कसंबसं म्हणाली. आरसा मागितला, पण मी तो दिला नाही.

पलीकडच्या तीन खाटांवरही तीच गत होती. गोष्ट एकोणीसशे सत्तावन्नची, नाताळच्या सुट्टीतली. जिल्ह्यातल्या नर्सबायांचं आणि सुइणींचं संमेलन चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, भरलं होतं. आमचा मुक्काम एका शाळेत होता. वर्गातली बाकं भिंतीला लावून खाटा टाकल्या होत्या. मी गडचिरोलीच्या दवाखान्यातली, हाजरा ब्रह्मपुरीची. शुक्रवार, शनिवार व्याख्यानं झाली होती आणि आज रविवारी संध्याकाळी समारोप व्हायचा होता.

एक डॉक्टरसाहेब आले. त्यांनी एकीचं तोंड पाहिलं आणि लगेच म्हणाले, "हा बिबा आहे."

आमच्या जंगलात बिबा कोणाला ठाऊक नाही? काळं टणक फळ, आणि आत असं तेल की कातडीला लागलं की दुसऱ्या दिवशी फोड. बाळंतिणीच्या दुखण्यावर बिबा लावू नका, हे बायकांना सांगून सांगून आमचा घसा बसलेला. पण त्याच फळाच्या बीमधला गर म्हणजे गोडंबी. ती नीट सोलली तर बदामासारखी लागते आणि बाळंतिणीच्या लाडवात आवर्जून घालतात.

"काल रात्री काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

चौघींनी माना खाली घातल्या. मग एक जण पुटपुटली, "बाजारातल्या सुगंधाबाईंच्या खानावळीत जेवलो. शेवटी गोडंबीचे लाडू होते."

"संपलं! गोडंबीला तेल राहिलं असणार." डॉक्टरांनी हात धुतले. आमच्या मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या. संमेलन त्यांनीच भरवलं होतं आणि बाजारात जेवू नका असं बजावलंही होतं. त्यांनी तिथल्या तिथे सॅनिटरी इन्स्पेक्टरला बोलावणं धाडलं. संध्याकाळच्या आत खानावळीला कुलूप लागणार, असं ठरूनही गेलं.

मी मात्र जिभेने स्वतःचेच ओठ चाचपत होते. त्या पंगतीत सगळ्यात जास्त लाडू मी खाल्ले होते, चांगले चार. आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

२

आता ती खानावळ आम्हाला सापडली कशी, ते सांगायला हवं. संमेलनातलं जेवण रामाजी ठेकेदाराकडे होतं. रामाजींच्या वरणात डाळ शोधायला कंदील लागावा आणि पोळी तोडायला दोघी जणी लागाव्यात. मी शनिवारी दुपारी बसमधून धूळ खात पोचले. पोचल्या पोचल्या मेट्रनबाईंनी माझ्या पांढऱ्या पातळाकडे पाहून नाक मुरडलं. "असा चुरगळलेला युनिफॉर्म? बाकीच्यांनी काल परटाला दिले, सकाळी बगळ्यासारखे घालून आल्या." त्यानंतर ते वरण पुढ्यात आलं. दिवस कसा गेला असेल, तुम्हीच समजा.

संध्याकाळी आम्ही सहा जणी बाहेर पडलो. त्या चौघी, मी आणि वरोऱ्याच्या इंदुताई. इंदुताई पन्नाशीच्या. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की त्या घरात कोण कोणाशी बोलत नाही हे त्यांना समजत असे. त्यांच्यासोबत असताना मला कधी कशाची भीती वाटली नाही.

पण पोट भरायचं कुठे? गोल बाजारातल्या पहिल्या हॉटेलात शिरलो तर आतले सगळे पुरुष घास तोंडात धरून बघतच राहिले. मालक धावत आला. "कोनाले शोधून राह्यल्या, बाई?" आम्ही जेवायला आलोय हे त्याच्या डोक्यातच येईना. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, बायका बसल्या तर गिऱ्हाइकं उठून जातात. आम्ही रोज लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं करतो, पण आमच्या ताटाला गावात जागा नव्हती. मला फार राग आला होता.

शेवटी एका चहाच्या दुकानाचे मालक नवाबभाई उठून बाहेर आले. "बाई, माह्या इथी बसाले जागा नाई, लोकं टकमक पाहतीन. तुमी सुगंधाबाईकडे जा. नवाबनं धाडलं म्हना." नुसतं सांगून ते थांबले नाहीत. दुकान तसंच टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत कंदील घेऊन आले. देव त्यांचं भलं करो.

सुगंधाबाई चुलीपुढे होत्या. आम्ही नर्सबाया आहोत हे ऐकल्यावर त्यांचा हात थांबला. "बसा माय, बसा. माह्या शेजारनीच्या पोरीच्या बाळंतपनाले आन् माह्या पोरीच्या बी बाळंतपनाले एकच नर्सबाई रातभर जागली होती. सकाळी उठून गेली, मी तिले पानी बी इचारलं नाई. ते आजवर मनात टोचते."

मग काय वाढलं म्हणता! बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात, त्यावर कडकडीत फोडणीचं तेल, कोथिंबिरीची सांबारवडी, जवसाची चटणी. आणि शेवटी आतून एक डबा आला. मुलगी पुन्हा बाळंतपणाला यायची होती, तिच्यासाठी बांधलेले लाडू त्या बाईने आमच्या ताटात घातले. मला तर भरूनच आलं. त्या लाडवांनीच आता तिचा गळा धरला होता.

३

"कमळा, चाल माह्यासंगं," इंदुताई म्हणाल्या, "मले काही हे पटून नाई राह्यलं." त्या एका हाताने कंबर चोळत होत्या. रात्रभर शाळेच्या खाटेवर ढेकणांनी फोडून काढलं, अशी सकाळपासून त्यांची तक्रार होती.

खानावळीत चूल विझलेली होती. सुगंधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पण बसा म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही.

"गोडंबी कोणी फोडली, सुगंधाबाई?" इंदुताईंनी विचारलं.

"मीच. कोनावर नाव काऊन ढकलू? राखेत घोळली, चुना लावला, दोनदा भाजली. जलमभर करत आली." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. जुने काळे डाग होते, ताजा एकही नव्हता. "बाई, माह्या हातून झालं असन तर लावू द्या कुलूप. पन पोरगी पुढच्या महिन्यात येते. खानावळ गेली तर तिचं बाळंतपन कोनाच्या दारात करू?"

इंदुताईंनी डबा मागितला. तळाला दोन लाडू उरले होते. त्यांनी एक फोडला, हुंगला आणि मी थांबवायच्या आत अर्धा तोंडात टाकला.

"इंदुताई!"

"गप बैस. चांगला झाला आहे." चावता चावता त्यांनी विचारलं, "काल सांजेला आमच्याशिवाय कोणी आलं होतं का इथी? नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी नाही, वेगळं कोणी?"

सुगंधाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्यानं सांगू नको म्हटलं होतं. तुमच्या जेवनाचे ठेकेदार, रामाजीभाऊ. मागच्या दारानं आले होते. लाडवाचा डबा त्यांच्या बाजूलेच होता."

४

रामाजी शाळेच्या मागच्या आवारात मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होते. काल रात्री सहा जणी बाहेर जेवल्या म्हणून सकाळी त्यांनीच मेट्रनबाईंचे कान भरले होते. शिवाय बिब्याचं तेल कोणाच्या लाडवाला पुसायला कितीसा वेळ लागतो? माझ्या मनाने तर त्यांना केव्हाच बेड्या ठोकल्या.

"रामाजीभाऊ, काल तुम्ही सुगंधाबाईकडे मागच्या दारानं काऊन गेले होते?" इंदुताईंनी सरळच विचारलं.

पळी पातेल्यात पडली. रामाजींनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं आणि शेवटी आकाशाकडे.

"कोन म्हनते?"

"मी म्हणते."

"हळू बोला बाई. माह्या मानसाईनं ऐकलं तर इज्जत जाईन." ते अगदी जवळ आले. "जेवाले गेलो होतो."

"जेवायला? इथे दोनशे पानांचं शिजत असताना?" मी मध्येच म्हणाले.

"माह्याकडचं मी कधीच खात नाई," रामाजी कळवळून म्हणाले. "पोट खराब होते. दोन ताटं गोळाभात खाल्ला तिथी. लाडू बी दिला तिनं. बहुत चांगली बाई आहे हो."

हसावं की झोडपावं ते मला कळेना. पण इंदुताई त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या. भल्या मोठ्या मिशा आणि त्यांच्याखालचे ओठ अगदी ठणठणीत.

"लाडू खाऊन तोंड कशानं पुसलं?"

"हे काय बाई, दुपट्ट्यानं," त्यांनी खांद्यावरचं फडकं दाखवलं.

परत येताना इंदुताई म्हणाल्या, "तू चार लाडू खाल्ले, हा एक खाऊन आला, मी आता अर्धा खाल्ला. लाडवानं कोणाला काही केलं नाई, कमळा. बिबा दुसरीकडून आला. पण त्या चौघींवरच काऊन आला?"

५

आम्ही पुन्हा हाजराच्या खाटेशी बसलो. इंदुताईंनी खिडकी उघडायला लावली.

"तोंड उघड. जीभ काढ. आता टाळू दाखव."

जीभ स्वच्छ, टाळू स्वच्छ, हिरड्याही स्वच्छ. सूज होती ती फक्त बाहेरून. लाडू काय ओठांनी चावतात? डॉक्टरांनी तोंड पाहिलं होतं, पण ते उघडायला लावलं नव्हतं.

"हात दाखव. दोन्ही."

उजवा हात साफ. डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर मात्र तसेच बारीक फोड होते. बाकीच्या तिघींचेही हात पाहिले. सगळ्यांना डाव्या हातालाच फोड.

"डाव्या हातानं लाडू कोण खाते?" इंदुताई माझ्याकडे वळल्या. "आता नीट ऐक. हाजरा, जेवून हात धुतल्यावर तोंड कशानं पुसलं?"

हाजराने क्षणभर आमच्याकडे पाहिलं. "रुमाल से."

दुसरीने सांगितलं रुमालाने. तिसरीने, चौथीनेही तेच. आणि का सांगणार नाहीत? शनिवारी दुपारी मेट्रनबाईंनी स्वच्छतेवर तासभर व्याख्यान दिलं होतं. नर्सने तोंड पदराला पुसणं म्हणजे पाप, असं सांगून प्रत्येकीच्या हातात एकेक नवा रुमाल ठेवला होता.

"आणा पाहू रुमाल."

चारी रुमाल आले. चौघींचेही इस्त्रीच्या घडीत जसेच्या तसे, गोळाभाताच्या तेलाचा ठिपकासुद्धा नाही.

इंदुताई हसल्या. "पोरींनो, मी काही मेट्रन नाई. मी बी पदरालेच पुसते."

हाजराने सुजलेल्या तोंडाने मान खाली घातली. "पदर से पोंछा, ताई. डाव्या हाताने. उजवा ओला होता ना."

"तुम्हीही पदराला पुसलं? मग तुमचे ओठ कसे शाबूत?" मी इंदुताईंना विचारलं. त्या उत्तर देणार तोच दारातून मेट्रनबाई आत आल्या. इन्स्पेक्टर आलाय, खानावळीकडे निघालाय, म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा हात सारखा कमरेपाशी जात होता. "आणि या शाळेतले ढेकूण! काल रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

इंदुताईंचा स्वतःच्या कमरेवरचा हात थांबला. "कमळा, तुले किती ढेकूण चावले?"

"एकही नाही. मी तर घोरत होते."

"त्याच खोलीत, तशाच खाटेवर." त्या ताडकन उठल्या. "मेट्रनबाई, त्या साहेबाला थांबवा. आणि परटाला बोलवा."

६

वर्गात आम्ही बायकाच होतो. इन्स्पेक्टर दाराबाहेर व्हरांड्यात उभा. पोचू परीट उंबऱ्याशी हात जोडून उभा होता आणि त्याला का बोलावलं हे त्याला कळत नव्हतं.

"आधी मेट्रनबाई, तुम्ही सांगा," इंदुताई म्हणाल्या. "काल सुगंधाबाईकडे काय जेवलात?"

"मी? त्या गल्लीत पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

"मग तुमच्या कमरेवर बिबा कुठून आला?"

मेट्रनबाई लाल झाल्या, पण शेवटी नर्सच त्या. कोपऱ्यात जाऊन, पाठ करून त्यांनी पाहिलं. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "फोड आहेत. ढेकणाचे नाहीत."

"मलेही तिथंच आहेत." इंदुताईंनी हाजराचं पांढरं पातळ उचललं आणि पदराचं टोक उजेडात धरलं. कोपऱ्यात एक छोटी काळी खूण होती, फुली आणि दोन ठिपके. भोवती पिवळट तेलकट वर्तुळ. बाकीच्या तिघींच्या पदरांवरही खूण होती. स्वतःचं पातळ त्यांनी दाखवलं. त्याची खूण दुसऱ्या टोकाला होती, जे आपण कमरेला खोचतो.

"पोचूभाऊ, ही खूण कशाची?"

"बिब्याची, बाई. आमी सारेच परीट बिब्यानंच खून करतो. धुतली तरी जात नाई." पोचू गोंधळून म्हणाला. "वरतून चुना लावून दोन दिवस उन्हात टाकतो, मंग ते लागत नाई कोनाले. पन मेट्रनबाईनं शुक्रवारी सांजेले दिले आन् शनवारी सकाळीच पायजे म्हटलं."

"पण खूण पदराला काऊन केली?"

"मी पदराले नाई करत कधी! खोचाच्या टोकाले करतो. रंगीत लुगड्याचा पदर दिसते. तुमच्या पांढऱ्या पातळाचे दोनी टोकं सारखेच. कोन कोनतं टोक खांद्यावर घेईन, हे मले कसं समजन?"

मग सगळं आपोआप उलगडलं. चौघींनी खुणेचं टोक खांद्यावर घेतलं आणि त्यालाच तोंड पुसलं. इंदुताईंनी आणि मेट्रनबाईंनी तेच टोक कमरेला खोचलं. बाकीच्या बाया मेट्रनबाईंच्या डोळ्यांदेखत जेवल्या, म्हणून त्यांनी तोंडाला रुमालच लावला; आणि ज्यांनी खुणेचं टोक खोचलं, त्याही सकाळपासून ढेकणांनाच शिव्या देत होत्या. माझं चुरगळलेलं पातळ परटाकडे गेलंच नव्हतं. चौघींनी रुमालाची थाप मारली नसती, तर सकाळीच उलगडा झाला असता. पण व्याख्यान ऐकलेल्या नर्सने ते कबूल कसं करावं?

पोचू कान धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हाजरा पुढे झाली. "रो मत, भाऊ. खोबरेल लगा लेंगे, चार दिन में ठीक हो जायेगा."

मेट्रनबाई व्हरांड्यात गेल्या. इन्स्पेक्टरला त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण तो खानावळीकडे न जाता आल्या वाटेने परत गेला. मग त्या आमच्याकडे वळल्या. "घाई माझी होती. आणि ज्या बाईचं मी नाव खराब केलं, तिच्याकडे मीही येते."

७

पण नाव एकदा खराब झालं की नुसत्या निरोपाने ते धुऊन निघत नाही. दिवसभरात गावात बोभाटा झाला होता. संध्याकाळी पोचलो तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं. सुगंधाबाईंनी आमच्या सांगण्यावरून चूल पेटवली, पण लक्ष सगळं रस्त्याकडे लागलं होतं. "कोन खाईन माह्या हातचं आता?" म्हणत होत्या.

"आम्ही," मेट्रनबाई म्हणाल्या आणि रस्त्यावरून दिसेल अशा पुढच्या ओसरीवरच मांडी घालून बसल्या. समारोप आटोपून संमेलनातल्या झाडून साऱ्या बाया आल्या होत्या. जागा पुरेना, तशा पायरीपर्यंत ओळ गेली. सुजलेल्या तोंडाच्या चौघी मुद्दाम पुढे बसल्या. येणारे जाणारे थांबून बघायला लागले. थोड्या वेळाने नवाबभाई आले आणि पलीकडच्या ओट्यावर ताट मागून बसले. त्यांच्या मागोमाग रामाजी आले, या वेळी पुढच्या दाराने. मग नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून, ओशाळत, येऊ लागली.

सुगंधाबाई वाढत होत्या. भात, कढी, वांग्याची भाजी. मी पहिला घास घेतला आणि इंदुताईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे दुसरा घास घेतला. मेट्रनबाईंनी भात मागून घेतला. हाजरा कसाबसा ओठांमधून घास आत ढकलत होती आणि मान डोलावत होती. सगळ्यांनी ताटं पुसून खाल्ली, काहींनी तर दुसऱ्यांदा घेतलं.

सगळ्यांचं झाल्यावर इंदुताईंनी सुगंधाबाईंचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं. "आता तुम्ही बसा. आम्ही वाढतो." त्या नाही नाही म्हणत होत्या. मी ताट वाढलं, मेट्रनबाईंनी पाणी ठेवलं. सकाळपासून त्या बाईच्या पोटात काही गेलं नव्हतं.

त्यांनी कढीभाताचा एक घास घेतला. थांबल्या. भाजी चाखून पाहिली. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं.

"आवो माय," त्या म्हणाल्या, "मीठच नाई टाकलं मी कशातच! आन् तुमी साऱ्या जनी जेवल्या? एकीनं बी सांगतलं नाई?"

"आम्हाला तर काही कमी वाटलं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि दिवसभरात पहिल्यांदा मोकळं रडल्या.